उंदराचा सापळा आणि आमचे प्रसादराव

आमच्या बँकेत ‘बाइंडिंग’ या शब्दाचा एकच अर्थ होतो. दिवसभराची व्हाउचरे गोळा करायची, क्रमाने लावायची, डाव्या कोपऱ्यात टोच्याने भोक पाडायचे, सुतळी ओवायची आणि अशी गाठ मारायची की ती ऑडिटरलाच सुटावी, आणि शक्यतो त्यालाही सुटू नये. वीस वर्षे मी हे काम करतो आहे. मध्यंतरी आमच्या ‘क्लार्क’ या पदाचे ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असे बारसे झाले, संगणक आले, पण टोचा काही माझ्या हातातून सुटला नाही.

त्यामुळे ओस्लोहून माझ्या धाकट्या बहिणीचा, मनूचा, फोन आला आणि मागून आमचे मेहुणे प्रसादराव ओरडले, “दादांना सांग, आलात की एक बाइंडिंगचं काम काढलंय, तुमचा हात लागल्याशिवाय होणार नाही!” तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली. नॉर्वेसारख्या पुढारलेल्या देशालाही आमच्या शाखेच्या सुतळीची गरज पडावी! मी सामानात टोचा टाकणारच होतो. विमानात टोकदार वस्तू नेऊ देत नाहीत, असे बायकोने सांगितले म्हणून तो राहिला.

रजा फेब्रुवारीत मिळाली. मार्च एंडिंगच्या तोंडावर पंधरा दिवस परदेशी निघालेल्या कर्मचाऱ्याकडे मॅनेजर ज्या नजरेने पाहतो, ती नजर पाठीवर घेऊन मी ओस्लोला उतरलो. घरी गेल्यावर चहा झाला, चिवड्याची पाकिटे रिकामी झाली आणि प्रसादरावांनी मला तळघरात नेले. तिथे एका टेबलावर दीड-पावणेदोन मीटर लांबीच्या दोन फळ्या पालथ्या पडल्या होत्या.

“ही ईशाची स्की,” ते म्हणाले. “हिचं बाइंडिंग काढून पुन्हा बसवायचं.”

माझ्या छातीचे दोन इंच तिथल्या तिथे परत गेले.

आता मराठी माणसाचा आणि घसरण्याचा संबंध तुम्हांला ठाऊक आहेच. आपल्याकडे घसरणे ही करण्याची गोष्ट नाही, ती होते. श्रावणात अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर होते, त्यासाठी तिकीट काढावे लागत नाही आणि पायाला काही बांधावेही लागत नाही. नॉर्वेजियन माणूस मात्र पायांत स्की घालूनच जन्माला येतो, असे तिकडे म्हणतात. माझी तेरा वर्षांची भाची ईशा जन्मली पुण्यात, तेव्हा तिला त्या मागाहून घालाव्या लागल्या. यंदा तिने बर्फातल्या उतारावरच्या स्की शाळेच्या अंगणात भरणाऱ्या अदलाबदलीच्या बाजारात स्वस्तात मिळवल्या. फळ्या छान होत्या. पण आधीच्या मालकाचा बूट मोठा होता आणि ईशाचा लहान. बाइंडिंग म्हणजे बुटाला फळीवर धरून ठेवणारे जबडे, एक चवड्याशी आणि एक टाचेशी. दोघांतले अंतर बुटाच्या तळव्याइतकेच हवे. थोडे मागेपुढे सरकवता येते; पण इथे फरक तेवढ्यात बसणारा नव्हता. म्हणजे सगळे स्क्रू काढा, जुनी भोके बुजवा आणि नवी पाडा. दुकानदाराने त्याचे जे पैसे सांगितले, त्यांचे मी मनातल्या मनात रुपये केले आणि मला तळघराच्या पायरीवर बसावे लागले.

“घरीच करू,” प्रसादराव म्हणाले. “अहो, मी तेलविहिरींच्या कंपनीत आहे. समुद्राच्या तळाला भोकं पाडतो आम्ही!”

भोके पाडण्यापूर्वी एखाद्या विषयाचा इतिहास पाहावा, अशी माझी सवय आहे. खरे सांगायचे तर भोके पाडणे त्यामुळे लांबणीवर पडते. मी कॉमर्सचा पदवीधर, इतिहास दहावीनंतर सुटला. म्हणूनच तो मला अजून आवडतो. दुसऱ्या दिवशी ईशा मला होल्मेनकोलेनच्या स्की संग्रहालयात घेऊन गेली. ते १९२३ साली उघडले. जगातले या प्रकारचे सर्वांत जुने संग्रहालय तेच. तिथे आणि नंतर पुस्तकांत मी जे पाहिले-वाचले, त्याचा ताळेबंद इथे मांडतो.

पहिली गोष्ट ही, की प्रसादरावांचा उद्योग अगदीच नवा नाही. नॉर्वेत दिगेरवार्डेन नावाच्या डोंगरावर बर्फ वितळला, तेव्हा २०१४ साली एक लाकडी स्की सापडली. संशोधकांनी चिकाटीने वाट पाहिली आणि २०२१ साली जवळच तिची जोडीदारीण सापडली. दोघी सुमारे १३०० वर्षांपूर्वीच्या. दुसरी तर १८७ सेंटिमीटर लांब आणि १७ सेंटिमीटर रुंद. विशेष म्हणजे पाय बांधायची सोय शाबूत होती: बर्चच्या फांद्यांचा पिळलेला दोर आणि चामड्याचा पट्टा. आणि दोघी एकसारख्या नाहीत! वेगवेगळ्या वेळी घडवलेल्या, वापरून झिजलेल्या, दुरुस्त केलेल्या. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीही कोणीतरी ‘घरीच करू’ म्हणत असणार आणि त्याचा मेव्हणा शेजारी बसून फळी धरत असणार.

त्या पट्ट्यात अडचण एकच होती. तो फक्त चवडा धरी. टाच मोकळी. सपाटीवर चालायला ते ठीक, पण उतारावर वळायला गेले की फळी एका गावाला आणि पाय दुसऱ्या. यावर तोड काढली ती टेलेमार्क प्रांतातल्या मॉर्गेदाल गावच्या सोंद्रे नोरहाइम या माणसाने. जन्म १८२५, गरीब कूळ. त्याने लवचीक फांद्या पिळून टाचेमागून घेतल्या. पाय फळीला घट्ट राहिला आणि तरी हलता राहिला. १८६८ साली हा गृहस्थ सुमारे २०० किलोमीटर स्कीवरून राजधानी क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ओस्लोला, आला आणि तिथल्या स्पर्धेत शहरी पोरांना मागे टाकून गेला. तेव्हा त्याचे वय बेचाळीस होते. हे वाचून मला फार बरे वाटले. बेचाळिसाव्या वर्षी मी दुसऱ्या मजल्यावरच्या लॉकर-रूमला जाताना लिफ्टची वाट पाहायला लागलो होतो.

पुढे हा नोरहाइम १८८४ साली अमेरिकेला गेला आणि शेवटी कुठे राहिला, तर नॉर्थ डकोटात. तिथे जमीन पोळपाटासारखी! घसरण्याच्या कलेचा पितामह, आणि घसरायला टेकडी नाही. १८९७ साली तो तिथेच वारला. १९५२ साली ओस्लोला हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा मशाल पेटवली ती मात्र मॉर्गेदालला, त्याच्या घरातल्या चुलीत. आपल्याकडेही माणसाची कदर साधारण इतक्याच वेळात होते.

यानंतर सुरू झाली ती पाय अधिकाधिक आवळण्याची शर्यत. फ्रित्योफ नान्सेन १८८८ साली स्कीवरून ग्रीनलँड ओलांडून गेला आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिले. ते ऑस्ट्रियात लिलियनफेल्डच्या डोंगरात एकटे राहणाऱ्या मातियास झ्दार्स्की या गृहस्थाने वाचले आणि नॉर्वेहून स्की मागवल्या. आल्प्सचे उतार म्हणजे भिंती! तिथे नॉर्वेची बांधणी टिकेना. मग त्याने पायाखाली पोलादी पट्टी घातली, स्प्रिंग लावली आणि १८९६ च्या सुमारास आपली पद्धत पुस्तकात मांडली. इकडे नॉर्वेत १८९४ साली फ्रित्स हुइटफेल्ड याने फळीला आडवे भोक पाडून त्यातून लोखंडी कान बाहेर काढले. बुटाचा चवडा त्या दोन कानांत धरायचा. फळीला भोक पाडायचा हा उद्योग असा जुना आहे, हे मी प्रसादरावांना सांगितले. ते म्हणाले, “त्यांना नऊ मिलिमीटरचा हिशेब नव्हता, दादा.” त्याचा खुलासा पुढे येईल.

१९२७ साली ब्रूर वीथ या नॉर्वेजियनाने एक सुटसुटीत सांगाडा काढला. बुटाचा चवडा तीन खिळ्यांवर टेकवायचा आणि वरून कडी दाबून बसवायची. नाव काय ठेवले? ‘रोत्तेफेल्ला’. म्हणजे उंदराचा सापळा! शोधाला स्वतःच असे नाव देणारा माणूस आमच्या जाहिरात खात्यात एक दिवस टिकला नसता. पण तिकडे ते नाव शंभरीला टेकले, तरी खपतेच आहे.

पुढची गंमत तर आपल्या दाराशी येते. १९३० च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या गीदो र्‍यूज याने टाचेमागून पोलादी तार घेतली, पुढे तरफ लावली आणि तार फळीच्या बाजूच्या आकड्यांत अडकवली. तरफ दाबली की टाच फळीला चिकटलीच. हा मनुष्य कोण? किल्ली दिली की गाणे वाजवणाऱ्या पेट्या करणाऱ्या घराण्यातला. आणि त्याने या तारेचे नाव ठेवले ‘कंदाहार’. आल्प्समध्ये कंदाहार कुठून आले? तर १८८० साली मैवंदच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला. त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, आमच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची तुकडीही होती. उरलेली फौज कंदाहारात कोंडली गेली. तिला सोडवायला जनरल रॉबर्ट्स काबूलहून तीन आठवड्यांत सुमारे ५०० किलोमीटर चालत गेला. हा रॉबर्ट्स जन्माने कानपूरचा. पुढे तो ‘लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ झाला आणि १९११ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याच्या नावाचा चषक स्वित्झर्लंडमधल्या उतारावरच्या शर्यतीला लाभला. चषकावरून क्लबाला नाव, क्लबावरून शर्यतींना, शर्यतींवरून तारेला. कंदाहारात कोंडलेल्यांना सोडवणाऱ्याचे नाव शेवटी पाय कोंडणाऱ्या यंत्राला लागले. इतिहासात पोस्टिंगच्या चुका होतात त्या अशा.

या तारेच्या बांधणीला लोक ‘अस्वलाचा सापळा’ म्हणू लागले. उंदराचा झाला, अस्वलाचा झाला. पण सापळ्यात अडकत होता तो माणसाचा पाय, हे लक्षात यायला वेळ लागला. फळीचे टोक बर्फात रुतले की फळी फिरते. ती लांबलचक तरफच आहे. बूट फळीला जखडलेला, वर माणूस आपल्या वेगात, आणि मध्ये नडगीचे हाड. पिळा बसला की तुटणार काय? तार पोलादाची, बूट चामड्याचा, फळी लाकडाची. सगळ्यांत स्वस्तात मोडते ते हाड.

१९३७ साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये यल्मार व्हाम या नामांकित शर्यतपटूचे हाड असेच मोडले. सांगतात की गुंगी उतरताच त्याने डॉक्टरकडे पाणी मागितले नाही, कागद-पेन्सिल मागितली. त्याच्या डोक्यात आलेली कल्पना साधी होती: धरून ठेवायचे, पण ठरावीक जोराच्या पलीकडे गेले की आपणहून सोडायचे. १९३९ साली त्याला पेटंट मिळाले. १९५० साली फ्रान्समध्ये जाँ बेल याने आणि १९५२ साली जर्मनीत हानेस मार्कर याने हीच गोष्ट सुधारून दाखवली. बेलच्या ‘लुक’ कंपनीने पुढे १९८४ साली तीच युक्ती सायकलच्या पेडलला लावली. पाय अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. दुसऱ्याच वर्षी बर्नार इनो त्या पेडलांवर तूर द फ्रान्स जिंकला. पुण्यात पहाटे चित्रविचित्र कपडे घालून सिंहगडाकडे जाणाऱ्या सायकलवाल्यांच्या तळव्याखाली जे ‘टक्’ वाजते, ते मुळात बर्फातले आहे.

थोडक्यात ताळेबंद असा. तेराशे वर्षे माणसाने पाय धरून ठेवण्याचे शास्त्र सुधारले आणि सोडण्याचे शास्त्र शोधायला त्याला एक नडगी मोडून घ्यावी लागली. अमेरिकेत व्हर्मांटमध्ये १९७२ पासून काही संशोधक एकाच उतारावरच्या दुखापतींची नोंद ठेवत आले. नडगी मोडण्याचे प्रमाण पुढच्या काळात खूप खाली आले. गुडघ्याच्या आतले दोर तुटणे मात्र या यंत्राला थांबवता आले नाही. जमेच्या बाजूला शिल्लक आहे, पण खाते अजून बंद झालेले नाही.

इतका इतिहास झाल्यावर तळघर टाळणे अशक्य होते. शनिवारी सकाळी आम्ही उतरलो. प्रसादरावांनी जुने स्क्रू काढले, भोकांत गोंद घालून प्लॅस्टिकची बुचे ठोकली. मग भोकांच्या जागा दाखवणारा कागदी आराखडा छापून आणला. फळीवर एक मध्यरेषा असते, बुटावरही एक असते. दोन्ही जुळवून कागद चिकटवायचा आणि खुणेवर भोके पाडायची. नवे भोक जुन्याच्या अंगाला लागता कामा नये, नाहीतर स्क्रूला धरायला काही उरत नाही. प्रत्येक स्कीला आठ, एकूण सोळा. खोली नऊ मिलिमीटर. त्याहून कमी गेले तर स्क्रू वरच राहतो, जास्त गेले तर फळीच्या पोटातून बरमा बाहेर. समुद्राच्या तळाशी किलोमीटर-किलोमीटर खोल जाणारा हा माणूस नऊ मिलिमीटरसमोर घामाघूम झाला होता. त्याने बरम्याला नऊ मिलिमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळली, श्वास रोखला आणि मला म्हणाला, “दादा, फळी धरा.”

मी म्हणालो, “थांबा.”

हे माझ्या वीस वर्षांच्या नोकरीतले वाक्य आहे. पुढ्यात आलेला कागद टॅली केल्याशिवाय मी पुढे सरकवू शकत नाही. त्या आराखड्याच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ होती आणि खाली लिहिले होते, ‘१०० मिलिमीटर’. मी ईशाची शाळेची पट्टी लावली. रेघ सत्त्याण्णव भरली. छपाईयंत्राने चित्र पानावर बसावे म्हणून परस्पर तीन टक्के कापून घेतले होते. आमच्याकडे असे कापायचे तर निदान सर्क्युलर निघते!

प्रसादराव त्या रेघेकडे पाहतच राहिले. सोळा भोके तीन टक्के चुकीच्या जागी पडली असती. त्यांनी न बोलता कागद फाडला, पुन्हा छापला आणि तीनदा मोजला. मग सोळाही भोके पडली. गोंद, स्क्रू, सगळे सुतासारखे सरळ झाले. माझी छाती पुन्हा दोन इंच वर आली होती.

खरा प्रसंग संध्याकाळी आला. बाइंडिंगवर एक छोटा आकडा असतो. तो किती जोराला सोडायचे ते ठरवतो. तक्त्यात वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्वार जपून जाणारा की मधला की धाडसी, हे घालायचे. ईशाचा आकडा चाराच्या आत येत होता. प्रसादराव म्हणाले, “सहावर ठेवतो.”

“का?”

“गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत हिची स्की मध्येच सुटली. सगळ्या वर्गासमोर पडली. घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. इथल्या पोरांत ही आधीच...” त्यांनी वाक्य अर्धे सोडले. “यंदा सुटता कामा नये.”

ईशा दारात उभी होती. म्हणाली, “मामा, सहाच ठेवा ना. आणि त्या फॉर्ममध्ये मला धाडसी लिहा.”

या देशात वाढणाऱ्या पोरीचे वर्गासमोर पडणे म्हणजे काय, हे मला समजत नव्हते असे नाही. मीही सातवीत शहरात आलेला मुलगा होतो. पण काउंटरवर आयुष्य गेलेल्या माणसाला एक कळते. लोक फॉर्म भरताना आपण कोण आहोत ते लिहीत नाहीत, कोण असायला हवे ते लिहितात. मी म्हणालो, “प्रसादराव, एरवी मी तुमच्या घरात बोलत नाही. पण हा आकडा म्हणजे ईशाचं केवायसी आहे. खोटं लिहिलं तर बँक फसत नाही, हाड फसतं.” आणि मग व्हामची नडगी पुन्हा सांगितली, यावेळी विनोद न करता.

तळघरात बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मनू वरून वजनकाटा घेऊन आली. ईशाला कोट काढायला लावला. सेहेचाळीस किलो. ‘मधला स्वार’ लिहिले. प्रसादरावांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आकडा खाली आणला, अगदी हळू. मला वाटते, त्या दिवसातले सगळ्यांत अवघड काम तेच होते. सोळा भोकांचे नव्हे.

सोमवारी आम्ही दोन्ही स्की दुकानात नेल्या. तिथे एक यंत्र असते. बूट अडकवून पिळतात आणि ठरल्या जोराला सुटतो की नाही ते मोजतात. बसवायचे पैसे वाचवले तरी हे पैसे वाचवायचे नाहीत, असे आमचे दोघांचे न बोलता ठरले होते. तिथल्या मुलाने मान हलवली, एका टाचेचा दाब किंचित कमी केला आणि पावती दिली. मी ती पावती टॅली केली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर ईशा पडली. वळताना टोक रुतले आणि पोरगी दोन कोलांट्या खाऊन बर्फात. प्रसादराव आणि मी खालच्या बाजूला कुंपणाशी उभे होतो. त्यांचा हात माझ्या दंडावर होता. तो दंड मला पुढे आठवडाभर दुखला. वर एक स्की वेगळी पडली होती, ब्रेकचे दोन काटे बर्फात रोवून मुकाट थांबलेली. ईशा बसली, चेहऱ्यावरचा बर्फ पुसला, इकडे-तिकडे पाहिले. मग उठली, लंगडली नाही, टाच दाबून ‘टक्’ असा आवाज केला आणि निघाली. तिच्या वर्गातली दोन पोरे तिच्याच बाजूला पडली होती. तिकडे कोणी लक्षही दिले नाही. पडण्याचा तिथे बभ्रा होत नसावा. बभ्रा आपणच घरी घेऊन येतो.

“सुटली,” प्रसादराव म्हणाले.

“सुटली,” मी म्हणालो.

मी परत आलो आणि मार्च एंडिंगला भिडलो. पुन्हा व्हाउचरे, टोचा, सुतळी. परवा मनूचा निरोप आला: ईशाला पुढच्या हिवाळ्यात शाळेच्या चार दिवसांच्या सहलीला एकटी पाठवायची आहे, प्रसादराव कसेबसे हो म्हणाले. मी कळवले, आकडा बरोबर लागला म्हणायचा.

फक्त आमच्या मॅनेजरसाहेबांचा आकडा कोणी लावला, ते कळत नाही. पुढच्या वर्षीच्या रजेचा अर्ज टेबलावर ठेवून मी सर्व बाजूंनी जोर लावून पाहिला. पण ते बाइंडिंग अजून कंदाहार पद्धतीचे आहे.